हडसनचा कोपरा : डेट्रॉइटच्या डाउनटाउनची पडझड आणि पुनरुत्थान

२४ ऑक्टोबर १९९८. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर हजारोंचा जमाव उभा होता. संध्याकाळी सुरुंगांचे आवाज झाले आणि २५ मजल्यांची एक विटकरी लाल इमारत काही क्षणांत जागच्या जागी बसली. धुळीच्या लोटाने आसपासचे रस्ते झाकून टाकले. पडलेली इमारत कारखान्याची नव्हती, ती जे. एल. हडसन या दुकानाची होती. गर्दीतल्या कित्येकांनी लहानपणी नाताळची खेळणी तिथेच पाहिली होती.

मोटारींची राजधानी असलेल्या या शहराचा मध्यभाग ओस का पडला, या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर दिले जाते : १९६७ ची दंगल. हे उत्तर सोपे असले तरी अपुरे आहे. दंगलीच्या कितीतरी आधी डाउनटाउनच्या मुळांवर घाव पडले होते आणि त्यांतला एक मोठा घाव खुद्द हडसननेच घातला होता.

आधी थोडे मागे जाऊ. ११ जून १८०५ रोजी लाकडी घरांचे हे छोटे गाव जवळपास संपूर्ण जळाले. ‘अधिक चांगल्याची आम्ही आशा धरतो, राखेतून ते पुन्हा उठेल’ अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य शहराने त्यानंतर स्वीकारले. ऑगस्टस वुडवर्ड या न्यायाधीशाने नव्या गावाचा आराखडा आखला. मधल्या चौकातून चाकाच्या आऱ्यांसारखे रुंद रस्ते बाहेर जावेत, अशी त्याची कल्पना होती. ती पुरती उतरली नाही, पण कॅम्पस मार्शस हा चौक आणि वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू हा मुख्य रस्ता तिच्यातूनच मिळाला. पुढच्या शंभर वर्षांत शहराचा सगळा व्यापार याच रस्त्याभोवती गोळा झाला.

जोसेफ हडसनने १८८१ मध्ये आपले दुकान काढले. पुढे त्याच्या भांडवलावर एक मोटार कंपनी उभी राहिली आणि तिलाही त्याचेच नाव मिळाले. तो अविवाहित होता. १९१२ साली त्याच्या मृत्यूनंतर वेबर आडनावाच्या त्याच्या चार भाच्यांनी कारभार हाती घेतला आणि दुकान वाढवत वाढवत एक अख्खा चौक व्यापला. भरभराटीच्या काळात तिथे सुमारे १२,००० माणसे कामाला होती. १९२४ पासून थँक्सगिव्हिंगच्या सणाला दुकानातर्फे मिरवणूक निघू लागली. इमारतीच्या दर्शनी भागावर अमेरिकेचा एक अवाढव्य राष्ट्रध्वज लावला जाई, तो आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. आसपास तशाच तोलामोलाच्या वास्तू उभ्या राहिल्या : बुक-कॅडिलॅक हॉटेल (१९२४), मिशिगन थिएटर (१९२६), गार्डियन बिल्डिंग (१९२९). मोटारींचा पैसा दगड, तांबे आणि रंगीत फरशी होऊन आकाशाकडे चढत होता.

१९५० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १८,४९,५६८ भरली. एवढी ती त्या आधी कधी नव्हती आणि नंतरही झाली नाही.

याच सुमारास व्हिक्टर ग्रूएन हा व्हिएन्नाचा वास्तुरचनाकार रंगमंचावर येतो. नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर १९३८ मध्ये तो अमेरिकेत पळून आला होता. डेट्रॉइटभोवती उपनगरे भराभर पसरत आहेत आणि हडसनचे दुकान मात्र एकटे मध्यभागी आहे, हे त्याने हेरले. गिऱ्हाईक जिथे राहायला चालले आहे तिथे दुकानानेही जावे, हे त्याने वेबर मंडळींना पटवले. शहराच्या चार दिशांना चार केंद्रे काढायची योजना ठरली. पहिले केंद्र नॉर्थलँड. डेट्रॉइटची उत्तर सीमा म्हणजे एट माइल रोड, आणि ती ओलांडताच साउथफील्डमध्ये ते मार्च १९५४ मध्ये उघडले. मध्ये हडसनची शाखा, भोवती लहान दुकाने, बागा, शिल्पे आणि हजारो मोटारी मावतील एवढे वाहनतळ. अशा प्रकारचे ते त्या वेळी जगातले सर्वांत मोठे केंद्र होते. १९५७ मध्ये ईस्टलँड आले.

व्हिएन्नाच्या चौकांसारखी माणसांनी एकत्र येण्याची जागा उपनगरात घडवावी, हे ग्रूएनचे स्वप्न होते. प्रत्यक्षात त्याच्या हातून मॉल घडला. पुढे याच गृहस्थाने मिशिगनमधल्याच कॅलमझू शहराला डाउनटाउन वाचवण्यासाठी मोटारींना मज्जाव असलेला रस्ता सुचवला. १९५९ मध्ये तिथे अमेरिकेतला असा पहिला पादचारी बाजार उघडला आणि ४० वर्षांच्या आतच त्यावरून पुन्हा मोटारी धावू लागल्या. म्हातारपणी ग्रूएन व्हिएन्नाला परतला. अमेरिकी मॉलचे जनकत्व तो जाहीरपणे नाकारत असे. रोग देणारा आणि औषध सांगणारा एकच, असा योग नगररचनेच्या इतिहासात विरळाच.

तरीही सगळा दोष मॉलवर टाकणे अन्यायाचे ठरेल, कारण उपनगरात कोण जाऊ शकत होते हे गिऱ्हाइकाच्या हौसेवर ठरत नव्हते. गृहकर्जाला हमी देणारे केंद्र सरकारचे खाते कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना जोखमीच्या ठरवून हमी नाकारत असे. १९४१ मध्ये एट माइल रोडजवळ एका विकासकाने सुमारे अर्धा मैल लांबीची भिंत बांधली. आपली गोऱ्यांसाठीची नियोजित घरे शेजारच्या कृष्णवर्णीय वस्तीपासून वेगळी दिसावीत आणि कर्जहमी मिळावी, एवढाच तिचा उपयोग होता. ती भिंत आजही उभी आहे. नॉर्थलँडचे वाहनतळ ज्या मोटारींनी भरत होते, त्या अशा गाळणीतून गेलेल्या कुटुंबांच्या होत्या.

डाउनटाउनला अगदी लागून असलेल्या ब्लॅक बॉटम आणि पॅरडाइज व्हॅली या वस्त्यांची कथा तर आणखी वेगळी. दक्षिणेकडील राज्यांतून कारखान्यांत कामाला आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे इथे राहत. इतरत्र त्यांना घर मिळत नसे. हेस्टिंग्ज स्ट्रीट हा त्यांचा मुख्य बाजार. दवाखाने, खाणावळी, जॅझचे क्लब, सारे तिथेच. अरीथा फ्रँकलिनचे वडील रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन यांचे चर्चही याच रस्त्यावर होते आणि त्यांची प्रवचने ध्वनिमुद्रित करून विकणारे जो व्हॉन बॅटल यांचे रेकॉर्डचे दुकानही. ‘झोपडपट्टी निर्मूलन’ या नावाखाली १९५० च्या दशकाच्या आरंभी घरे पाडणे सुरू झाले. मोकळी झालेली जमीन काही वर्षे रानगवताखाली पडून राहिली. नंतर एका भागात मीस व्हॅन डर रोहे यांची देखणी लाफायेत पार्क वसाहत झाली, आणि खुद्द हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या जागी क्रायस्लर फ्रीवेचा खोल चर खणला गेला. त्याचा डाउनटाउनलगतचा भाग, आय-३७५, १९६४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. सामान्यतः भाडेकरू असलेल्या या हजारो लोकांना भरपाई म्हणून काय मिळाले, असे विचारले तर उत्तर जवळजवळ ‘काहीच नाही’ असे आहे.

दरम्यान ८ एप्रिल १९५६ रोजी वुडवर्डवरची शेवटची ट्राम धावली. डेट्रॉइटच्या आधुनिक ट्रामगाड्या मेक्सिको सिटीने विकत घेतल्या आणि तिकडे त्या पुढे कित्येक वर्षे चालल्या.

१९६० पर्यंत शहराने पावणेदोन लाखांहून अधिक माणसे गमावली होती. तेव्हा दंगलीला सात वर्षे अवकाश होता. जुलै १९६७ च्या त्या भीषण दिवसांत ४३ माणसे मृत्युमुखी पडली आणि आधीच सुरू असलेले स्थलांतर वेगाने वाढले, हे खरे. परंतु ओहोटी त्याआधीच लागली होती.

उपाय म्हणून दुसऱ्या हेन्री फोर्डने १९७१ मध्ये नदीकाठी रेनेसाँ सेंटरची घोषणा केली. नावातच पुनरुज्जीवन. जॉन पोर्टमन यांनी आखलेले काचेचे मनोरे १९७७ मध्ये उघडले. मधला ७३ मजली मनोरा हॉटेलचा. मात्र शहराच्या बाजूला, जेफरसन अ‍ॅव्हेन्यूवर, काँक्रीटचे उंच बांध घातलेले होते. आत मोटारीने शिरावे, आतच जेवावे आणि मोटारीनेच परत जावे, अशी ही गढी. तिने नवे भाडेकरू फारसे आणले नाहीत, उलट जुन्या इमारतींतले ओढून घेतले. १९७४ पासून २० वर्षे महापौर राहिलेल्या कोलमन यंग या शहराच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौरांच्या हाती जे डाउनटाउन आले, ते असे आतून पोखरलेले होते. पडझडीचे सारे खापर त्यांच्या माथी फोडण्याची उपनगरांची सवय अजून पूर्ण गेलेली नाही.

१७ जानेवारी १९८३ रोजी हडसनचे दुकान बंद झाले. कंपनी बुडाली नव्हती. १९६९ मध्येच ती मिनिआपोलिसच्या डेटन कंपनीत विलीन झाली होती, आणि हीच जोडकंपनी पुढे ‘टार्गेट’ या नावाने देशभर पसरली. पुढच्या वर्षी बुक-कॅडिलॅक बंद झाले. मिशिगन थिएटरचे तर त्याआधीच वाहनतळ झाले होते : नक्षीदार छत तसेच, झुंबरांखालच्या खुर्च्या गेल्या आणि तिथे मोटारी लागल्या. ज्या जागेवर हे नाट्यगृह बांधले, तिथल्याच एका छपरीत हेन्री फोर्डने १८९६ मध्ये आपली पहिली मोटार जुळवली होती. असा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने योजला असता तर तो भडक म्हणून टीकाकारांनी खोडून काढला असता. १९९५ मध्ये कामिलो व्हर्गारा या छायाचित्रकाराने तर हे ओस मनोरे अ‍ॅक्रोपोलिससारखे अवशेष म्हणून जतन करावेत असे सुचवले. डेट्रॉइटकरांना त्याचा संताप आला, आणि तो समजण्यासारखा होता.

पुनरुत्थान एका दिवसात घडले नाही. आधी बेसबॉल आणि फुटबॉलची मैदाने शहरात आली. त्यांपैकी फोर्ड फील्ड (२००२) बांधताना हडसनचे जुने गोदाम न पाडता त्यातच सामावून घेतले गेले. २००३ मध्ये कॉम्प्युवेअर कंपनी उपनगरातून आली. २००४ मध्ये कॅम्पस मार्शसचा वाहतुकीने गिळलेला चौक पुन्हा बाग झाला. हिवाळ्यात तिथे स्केटिंग, उन्हाळ्यात चक्क वाळूचा किनारा. बुक-कॅडिलॅक २००८ मध्ये पुन्हा उघडले. २०१० मध्ये डॅन गिल्बर्ट यांनी आपल्या क्विकन लोन्स कंपनीचे १,७०० कर्मचारी डाउनटाउनमध्ये आणले आणि मातीमोल झालेल्या इमारती एकामागून एक विकत घ्यायला सुरुवात केली. आज त्यांच्या कंपनीकडे शंभरहून अधिक मालमत्ता आहेत.

या काळातच, १८ जुलै २०१३ रोजी, शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज सुमारे १,८०० कोटी डॉलर. अमेरिकेतल्या कोणत्याही नगरपालिकेची एवढी मोठी दिवाळखोरी झालेली नव्हती. रस्त्यांवरचे सुमारे ४०% दिवे बंद होते. कलासंग्रहालयातील चित्रे लिलावात जाऊ नयेत म्हणून धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालयाने मिळून ८१ कोटी ६० लाख डॉलर उभे केले. चित्रे वाचली. पालिकेच्या बहुतेक सामान्य निवृत्तांच्या पेन्शनला मात्र ४.५% कात्री लागली आणि त्यांची महागाईवाढ थांबली.

हडसनचा भूखंड २० वर्षे रिकामा होता. डिसेंबर २०१७ मध्ये गिल्बर्ट यांनी तिथे बांधकाम सुरू केले. २०१८ मध्ये हा भूखंड धरून त्यांच्या डाउनटाउनमधील चार प्रकल्पांसाठी अनेक वर्षांत मिळून ६१ कोटी ८० लाख डॉलरपर्यंतची करसवलत मंजूर झाली. या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवणे आवश्यक आहे. ‘डेट्रॉइट न्यूज’ने २०२० मध्ये केलेल्या तपासात आढळले, की २०१० ते २०१६ या काळात शहराने घरांचे मूल्य फुगवून घरमालकांकडून किमान ६० कोटी डॉलर जादा कर आकारला. तो भरता न आल्याने घर गमावलेल्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे. मध्यभागी माफी आणि मोहल्ल्यांत जप्ती, हे दोन्ही एकाच दशकातले.

२०२३ च्या अंदाजात डेट्रॉइटची लोकसंख्या १९५७ नंतर प्रथमच किंचित वाढली. हडसनच्या जागी ६८१ फुटांचा मनोरा उभा राहिला. जनरल मोटर्सने १९९६ मध्ये रेनेसाँ सेंटर बांधकामखर्चाच्या तुलनेत कवडीमोलाने घेतले होते. आपले मुख्यालय आता तिथून हडसनच्या नव्या इमारतीत हलवत असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी रेनेसाँ सेंटरचे दोन मनोरे पाडण्याचा प्रस्तावही मांडला गेला. नॉर्थलँड मॉल २०१५ मध्येच बंद पडला होता.

आणि हेस्टिंग्ज स्ट्रीट? आय-३७५ चा चर बुजवून तिथे पुन्हा साधा रस्ता करावा, यासाठी २०२२ मध्ये केंद्र सरकारने १० कोटी ४६ लाख डॉलर मंजूर केले. मोकळ्या होणाऱ्या जमिनीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न ब्लॅक बॉटमच्या वंशजांनी सुनावण्यांमधून लावून धरला. खर्चाचा अंदाज वाढत गेला आणि २०२५ मध्ये राज्याने काम थांबवले. त्या चरातून मोटारी अजून धावत आहेत.