व्हिडिओ कॉन्फरन्सिंग : खोली कशी असावी, उपकरणे कशी मांडावीत?

चऱ्होली : चाकण आणि भोसरी परिसरातील उद्योगांचे व्यवहार जर्मनीपासून जपानपर्यंत पोचले आहेत. सुट्या भागाच्या नमुन्यावरील चर्चा असो वा नोकरीची मुलाखत, व्हिडिओ कॉन्फरन्सिंग आता नित्याचे झाले आहे. न्यायालयांनीही हे माध्यम स्वीकारले आहे. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २००३ रोजी परदेशातील साक्षीदाराची साक्ष या पद्धतीने नोंदविण्यास मान्यता दिली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० नुसार १ जुलै २०२४ पासून खटल्याचे कामकाजही इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालविता येते. अशा वेळी चेहरा अंधारात राहिला किंवा शब्द तुटले, तर हातची ऑर्डर जाऊ शकते आणि साक्षीचा अर्थही बदलू शकतो.

खोलीची निवड
चऱ्होली हे लोहगाव विमानतळालगतचे गाव. येथे विमानांचा आवाज टाळता येत नाही. तो कमी मात्र करता येतो. त्यासाठी इमारतीच्या आतल्या बाजूची, कमी खिडक्यांची खोली निवडावी. खिडक्यांच्या फटी बंद कराव्यात. उघड्या भिंती, फरशी आणि काच यांवरून ध्वनी परावर्तित होऊन घुमतो. जाड पडदे, सतरंजी आणि पुस्तकांची कपाटे तो शोषून घेतात.

प्रकाश आणि कॅमेरा
खिडकी पाठीमागे असल्यास कॅमेरा तिच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा काळा पडतो. खिडकी समोर असावी. छतावरील एकाच दिव्यामुळे डोळ्यांखाली सावली पडते. त्याऐवजी समोरून, दोन्ही बाजूंनी तिरपे दिवे लावावेत. पिवळा आणि पांढरा प्रकाश एकत्र वापरू नये. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणि पडद्याच्या अगदी जवळ ठेवल्यास बोलणारा समोर पाहत असल्याचे जाणवते. बारीक चौकडीचे कपडे पडद्यावर थरथरतात; साधा रंग बरा.

ध्वनी
चित्र काही क्षण थांबले तरी चर्चा चालू राहते. आवाज गेला की ती संपते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की थेट पोचणाऱ्या आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते, खोलीतील घुमणे मात्र जवळपास तेवढेच राहते. म्हणून मायक्रोफोनचा आवाज वाढविण्यापेक्षा तो वक्त्याजवळ आणावा. पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात तो ठेवू नये. एकाच खोलीत दोन लॅपटॉपचे माइक व स्पीकर सुरू ठेवल्यास आवाज फिरत राहून शिट्टी वाजते. एकच संच सुरू ठेवावा.

जोडणी
पूर्वी आयएसडीएनच्या प्रत्येकी १२८ किलोबिट क्षमतेच्या तीन लाइन जोडून ३८४ किलोबिटवर बैठका होत. १९९६ मध्ये आलेल्या एच.३२३ मानकाने संगणकीय नेटवर्कवरील बैठकांचा मार्ग सुकर केला. आज ब्रॉडबँड घेताना डाउनलोडइतकाच अपलोडचा वेगही तपासावा. आपले चित्र त्यावरच जाते. वायफायपेक्षा केबल भरवशाची. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास संभाषण सहज होते. यूपीएस केवळ संगणकाला नव्हे, तर राउटर आणि फायबरच्या डब्यालाही जोडावा.

आदल्या दिवशीची तयारी
- चाचणी त्याच खुर्चीवरून, बैठकीच्याच वेळेला करावी. उजेड आणि विमानांची ये-जा यांचा अंदाज येतो.
- जर्मनीची वेळ उन्हाळ्यात साडेतीन, तर हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. निमंत्रणात दोन्हीकडच्या वेळा लिहाव्यात.
- संपर्क तुटल्यास कोणत्या दूरध्वनीवर बोलायचे, हे आधी ठरवावे. मोबाईलचे इंटरनेट पर्याय म्हणून तयार ठेवावे.
- न्यायालयीन साक्षीसाठी खोलीत अनधिकृत व्यक्ती असू नये. साक्षीदाराला कोणी पढवत नाही, हे पाहण्याची जबाबदारी तेथील समन्वयकावर असते.