परक्या भुतांची बोली

'बिझनेस इंग्लिश' शिकवणारे वर्ग आता तालुक्याच्या गावीही निघाले आहेत. एस.टी. स्टँडसमोरच्या भिंतीवर जाहिरात असते, तीन महिन्यांत इंग्रजी बोला, नोकरी मिळवा. पण व्यापारासाठी तेवढ्यापुरतं इंग्रजी शिकवण्याचा हा धंदा काही आजचा नाही. चीनमधल्या कँटन बंदरात, म्हणजे आजच्या ग्वांगझूमध्ये, दोनशे वर्षांपूर्वी एक छोटी पुस्तिका दोन-चार पैशांना मिळत असे. मुखपृष्ठावर तिकोनी टोपी, ढगळ कोट, बकलाचे बूट आणि हातात काठी अशा थाटातला एक युरोपियन. आत इंग्रजी शब्दांचे उच्चार चिनी अक्षरांत लिहिलेले. पुस्तिकेचं नाव होतं 'भुतांची बोली'. चिनी लोक परदेशी माणसांना 'परकी भुतं' म्हणत, तेव्हा त्यांची भाषा ती भुतांची भाषा. दुकानदार, नोकर, हमाल यांच्या हातांत ही पुस्तिका सतत दिसे, असं विल्यम हंटर या अमेरिकन व्यापाऱ्यानं लिहून ठेवलं आहे. हंटर १८२५ मध्ये कँटनला उतरला तेव्हा तेरा वर्षांच्या आसपासचा पोरगाच होता.

या बोलीला पुढं 'पिजिन' हे नाव पडलं. इंग्रजी 'बिझनेस' या शब्दाचा चिनी जिभेवर झालेला तो अवतार आहे, असं बहुतेक भाषातज्ज्ञ मानतात. शब्द मोजके, व्याकरण चिनी वळणाचं. एक माणूस म्हणायचं तर 'वन पीसी मॅन'. आपण नाही का दुकानात 'दहा नग द्या' म्हणत, तसा हा 'पीसी'. 'नो कॅन डू' हा आज जगभर बोलला जाणारा वाक्प्रचार त्याच बोलीतून आलेला. देवाला शब्द 'जॉस', तो पोर्तुगीजांकडून घेतलेला. आणि आपल्याला गंमत वाटेल अशी गोष्ट पुढंच आहे. या बोलीत आपल्या घरचे शब्द भरपूर होते. चिठ्ठीचं 'चिट' झालं. छापाचं 'चॉप' झालं. जहाज सोडण्याचा सरकारी परवाना म्हणजे 'ग्रँड चॉप', कारण त्यावर मोठा शिक्का. उत्तम प्रतीचा माल म्हणजे 'फर्स्ट चॉप', पहिल्या छापाचा. सराफाचं 'शरॉफ' झालं. स्पॅनिश चांदीचे डॉलर खरे की खोटे हे पारखून प्रत्येक शरॉफ त्यावर आपली छाप ठोकायचा. हातोहात छापा बसून बसून ते नाणं शेवटी फुटायचं, मग तुकडे वजनावर चालायचे. हाँगकाँगमधल्या वाहनतळांवर पैसे भरण्याच्या खिडकीवर 'शरॉफ' अशी पाटी असते. आपला सराफ असा थेट तिथं जाऊन बसला. चिनी अधिकाऱ्यांना युरोपियन लोक 'मँडरिन' म्हणत, तो शब्द तर मुळात आपला 'मंत्री', मलाया आणि पोर्तुगाल असा फेरफटका मारून चीनला पोचलेला.

ही मोडकीतोडकी बोली का लागली? चीनच्या सरकारनं १७५७ पासून पाश्चात्त्यांचा सगळा समुद्री व्यापार एकट्या कँटनमध्ये कोंडला होता. नदीकाठी तेरा वखारी, त्यांत हंगामापुरतं राहायचं, शहराच्या तटबंदीच्या आत जायचं नाही, बायका आणायच्या नाहीत. जेम्स फ्लिंट नावाचा कंपनीचा एक माणूस चिनी शिकला आणि १७५९ मध्ये थेट उत्तरेला जाऊन त्यानं चिनी भाषेत तक्रारअर्ज दिला. त्याला तीन वर्षं मकावमध्ये कैदेत ठेवलं, आणि अर्ज लिहायला मदत करणाऱ्या चिनी माणसाचा शिरच्छेद झाला. पुढं परदेशी माणसाला चिनी शिकवणं हाच गुन्हा ठरला. मग व्यवहार चालायचा तो पिजिनमधून. सरकारनं नेमलेले अधिकृत दुभाषी असत, पण त्यांनाही पिजिनपलीकडे परकी भाषा यायची नाही!

वखारींमागच्या गल्ल्यांत बाजार होता, तिथं गिऱ्हाईक बहुतेक तरुण. महिनोन् महिने समुद्रावर काढलेल्या खलाशांना एक दिवस सुटी मिळे. मग तांदळाची कडक दारू, कागदावरची चित्रं, पंखे, रेशमी रुमाल, जे दिसेल ते. त्यांना ओढायला दुकानांवर इंग्रजी नावांच्या पाट्या. जहाजावरच्या तरुण अधिकाऱ्यांना थोडा खासगी माल नेण्याची मुभा असे, ते चहाची भांडी आणि लाखकामाच्या पेट्या भरून नेत. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनी आपल्या घरच्या बायकांसाठी तिथूनच भरतकामाचं रेशीम आणलं, त्यातून 'गारा' साडी आली. चिनी मातीच्या भांड्यांवर गिऱ्हाइकाचं कुलचिन्ह काढून द्यायची सोय होती. नमुन्याच्या चित्रावर 'इथे लाल', 'इथे हिरवा' असं इंग्रजीत लिहून पाठवलं, तर कारागिरानं ते शब्दही इमानेइतबारे ताटावर रंगवले, असा किस्सा जुन्या भांड्यांचे संग्राहक हसत हसत सांगतात.

आता माझा मुद्दा सांगतो. पूर्व आणि पश्चिम यांच्या व्यापारात जी भांडणं झाली ती 'सांस्कृतिक गैरसमजा'तून झाली, असं आपण सारखं वाचतो. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत त्यावर प्रकरणंच्या प्रकरणं असतात. मला हे फारसं पटत नाही. कँटनचा बाजार पाहा. भाषा अशी लंगडी, तरी लाखो डॉलरचे सौदे बहुधा लेखी कराराशिवाय, तोंडी शब्दावर व्हायचे. हौक्वा हा तिथला सर्वांत मोठा व्यापारी. एका अमेरिकन व्यापाऱ्याकडं त्याचं ७२ हजार डॉलर येणं होतं. तो बिचारा कर्जापायी मायदेशी जाऊ शकत नव्हता. हंटर सांगतो, हौक्वानं त्याला बोलावलं, तू माणूस प्रामाणिक आहेस, फक्त नशीब नाही, अशा अर्थाचं काहीसं पिजिनमध्येच सांगितलं आणि कर्जरोखा फाडून टोपलीत टाकला. शब्द चार होते, पण समजायला काही कमी पडलं नाही.

दुसरी जोडी आपल्या मुंबईशी संबंधित. १८०५ मध्ये 'ब्रन्सविक' नावाचं जहाज फ्रेंचांनी पकडलं. त्यावर एक बावीस वर्षांचा पारशी व्यापारी होता, शालेय शिक्षण जुजबी, इंग्रजी कामापुरतं. आणि जहाजाचा डॉक्टर होता एकवीस वर्षांचा एक स्कॉटिश तरुण. पहिल्याचं नाव जमशेटजी जीजीभॉय, दुसऱ्याचं विल्यम जार्डिन. ती ओळख आयुष्यभर टिकली. मुंबईहून कापूस आणि माळव्याची अफू जायची, कँटनला जार्डिन ती विकायचा. जमशेटजींच्या भागीदारांत जैन मोतीचंद अमीचंद होते, कोकणी मुसलमान महंमद अली रोगे होते, गोव्याचे रोजेरियो द फारिया होते. धर्म चार, भाषा चार, हिशेब एक. जमशेटजींच्या पत्रव्यवहाराच्या वह्या मुंबई विद्यापीठात जपून ठेवलेल्या आहेत. जे.जे. रुग्णालय, जे.जे. कला महाविद्यालय, माहीमचा कॉजवे, या सगळ्यामागं त्या घराण्याचा पैसा आहे. त्यातला मोठा भाग कशातून आला हे लपवण्यात अर्थ नाही. आणि त्यांच्या दानशूरपणाबद्दल शंका घेण्यातही नाही.

अफूच्या व्यापारात तर गैरसमजाला जागाच नव्हती. अफूविरुद्ध चीनमध्ये १७२९ पासून फर्मानं निघत होती. ती सर्वांना ठाऊक होती. म्हणून तर ईस्ट इंडिया कंपनी कलकत्त्याला अफूचा लिलाव करी, पण स्वतःच्या जहाजातून चीनला नेत नसे. ते काम खासगी व्यापाऱ्यांचं. नदीच्या मुखाशी लिंतिन बेटाजवळ जहाजं उभी असत. चिनी दलाल कँटनमध्ये चांदी भरून चिठ्ठी घेई आणि वेगवान वल्ह्यांच्या होड्या माल उतरवून नेत. अधिकाऱ्यांचा वाटा ठरलेला. पुढं किनाऱ्यावर लांबपर्यंत माल न्यायचा म्हटल्यावर चांगला दुभाषी लागला, तेव्हा जार्डिननं १८३२ मध्ये कार्ल गुट्झलाफ या जर्मन मिशनऱ्याला जहाजावर घेतलं. त्याच्याइतकं अस्खलित चिनी बोलणारे युरोपियन तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तो एकीकडं धर्मपुस्तकं वाटत होता, दुसरीकडं अफूच्या सौद्यात दुभाषेपण करत होता.

मग गैरसमज कुठं झाला? झाला, पण सरकारांमध्ये, आणि तिथंही मी जरा सावधच असतो. १८३४ मध्ये लॉर्ड नेपियर ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी म्हणून कँटनला आला. नियम असा की परदेशी माणसानं चिनी व्यापाऱ्यांमार्फत 'अर्ज' करायचा. नेपियरनं सरळ 'पत्र' पाठवलं. शहराच्या दरवाजाशी त्याचा चिटणीस तीन तास ते पत्र घेऊन उभा राहिला, एकाही अधिकाऱ्यानं हात लावला नाही. आपल्याकडे पेशवाईतल्या पत्रांचे मायने ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. कोणाला 'आज्ञा', कोणाला 'विज्ञापना', यावर आपल्याकडेही राजकारण चालायचं. नेपियरनं युद्धनौका बोलावल्या, चिन्यांनी व्यापार बंद केला, आणि तो तापानं आजारी पडून ऑक्टोबरात मकावला मरण पावला. अर्ज आणि पत्र यातला फरक दोन्ही बाजूंना उत्तम कळत होता. म्हणूनच तर भांडण झालं.

अस्सल गैरसमज पाहायचे तर दोन आहेत. पहिला चिन्यांचा. १८३९ मध्ये आयुक्त लिन झेशू यांनी परदेशी व्यापाऱ्यांकडून अफूच्या २० हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यांनी राणी व्हिक्टोरियाला पत्र लिहिलं. तुमच्या देशात अफूला सक्त बंदी आहे, मग आमच्याकडे का पाठवता, असा सवाल त्यात होता. सवाल बिनतोड, पण इंग्लंडमध्ये अफूला बंदी नव्हतीच, ती औषधांच्या दुकानांत उघड मिळत होती. शिवाय चीनची रेवाचिनी आणि चहा बंद केला तर परदेशी लोकांचं पोट साफ होणार नाही आणि ते जगणार नाहीत, अशीही त्यांची समजूत होती. आपल्या आजीच्या बटव्यातली ती रेवाचिनी साम्राज्याविरुद्धचं हत्यार ठरणार होती!

दुसरा गैरसमज इंग्रजांचा, आणि तो माझ्या मते जास्त बोलका. १८४२ च्या नानकिंग तहानं पाच बंदरं खुली झाली तेव्हा इंग्लंडच्या कारखानदारांना वाटलं, कोट्यवधी गिऱ्हाइकं एका रात्रीत मिळाली. शेफील्डच्या एका कंपनीनं सुऱ्या आणि काटे यांची मोठी खेप पाठवली. लंडनहून एका व्यापाऱ्यानं पियानो पाठवले. चीनमध्ये एवढ्या मुली, त्यातल्या थोड्या तरी पियानो शिकतीलच, हा त्याचा हिशेब. तरुण पिढी काय विकत घेईल याचे असले अंदाज आजही कंपन्या बांधतच असतात. चिनी माणूस काड्यांनी जेवत होता, तो काट्याकडं कशाला पाहील? त्या मालाच्या विक्रीतून जेमतेम जहाजाचं भाडं निघालं आणि सुऱ्या-काटे कित्येक वर्षं दुकानांच्या भिंतींवर ढाल-तलवारींसारखे नक्षीत मांडलेले दिसायचे, असं 'टाइम्स'चा बातमीदार कुक यानं १८५० च्या दशकात लिहिलं. मँचेस्टरच्या कापडाचंही तेच. चिनी शेतकरी हिवाळ्यात घरच्या सुताचं जाडंभरडं कापड विणत होता. ते टिकाऊ आणि स्वस्त, त्याला विलायती तलम कापडाची गरज नव्हती.

पण यातला कुठलाच गैरसमज युद्धाला कारण झाला नाही. युद्ध कसं झालं ते एका मुलाच्या गोष्टीवरून पाहा. १७९३ मध्ये लॉर्ड मॅकार्टनी सम्राट चिएनलुंगच्या भेटीला गेला. बरोबरच्या चिनी दुभाष्यांना लॅटिन यायचं, इंग्रजी नाही. त्यामुळं बोलणं इंग्रजीतून लॅटिनमध्ये, लॅटिनमधून चिनीत. इंग्रजांच्या सगळ्या शिष्टमंडळात चिनी बोलू शकणारा एकच, जॉर्ज स्टॉन्टन नावाचा बारा वर्षांचा पोरगा. प्रवासात तो जहाजावर चिनी शिकला होता. सम्राटाशी त्याच्या भाषेत तो चार शब्द बोलला, तेव्हा सम्राटानं खूश होऊन कमरेची थैली काढून त्याला दिली. हा मुलगा पुढं कँटनच्या वखारीत नोकरीला लागला, १८१० मध्ये त्यानं चिनी कायद्याचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. इंग्लंडमध्ये त्याच्याएवढं चीन समजलेला माणूस विरळा. एप्रिल १८४० मध्ये पार्लमेंटात अफूयुद्धावर वादळी चर्चा झाली. तीस वर्षांचा ग्लॅडस्टन युद्धाच्या विरोधात तळमळीनं बोलला. आता खासदार असलेला स्टॉन्टन उठला आणि त्यानं युद्ध न्याय्य आणि आवश्यक असल्याचं सांगितलं. सरकारविरुद्धचा ठराव २६२ विरुद्ध २७१ मतांनी, अवघ्या नऊ मतांनी, पडला.

त्यानंतर १८५८ मध्ये दुसऱ्या युद्धात तिआनजिनचा तह झाला. त्याचं ५१ वं कलम मजेशीर आहे. चिनी सरकारनं आपल्या कागदपत्रांत इंग्रजांसाठी 'यी' हे अक्षर यापुढं वापरायचं नाही. या शब्दाचा अर्थ 'परके' की 'रानटी', यावर वर्षानुवर्षं वाद चालला होता. आपल्या जुन्या कागदांत इंग्रजांना 'टोपीकर' म्हटलं आहे, त्यावर कोणी तह केल्याचं मला आठवत नाही. तर एक अक्षर कायद्यानं बंद झालं. त्याच वर्षी शांघायला जकातीचे दर ठरले आणि अफूची आयात अधिकृत झाली, दर पिकुलला, म्हणजे सुमारे ६० किलोला, ३० टेल चांदी. जकातीच्या यादीत मात्र चिनी भाषेत अफू हा शब्द नाही. तिथं नोंद आहे 'विलायती औषध'.