मजकूर मावला नाही तर? 'सी' भाषेतील सुरक्षित स्ट्रिंग फंक्शन्सची कहाणी

२ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री अमेरिकेतील विद्यापीठे आणि संशोधन संस्थांमधील संगणक एकामागून एक मंदावू लागले. इंटरनेट तेव्हा बाल्यावस्थेत होते. त्याला जोडलेल्या सुमारे साठ हजार यंत्रांपैकी सहा हजारांच्या आसपास यंत्रे बाधित झाली असावीत, असा अंदाज पुढे वर्तवण्यात आला. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला हा 'वर्म' अनेक वाटांनी आत शिरत होता. त्यांपैकी एक वाट 'फिंगर' नावाच्या साध्यासुध्या सेवेतून जात होती. एखाद्या यंत्रावर कोण काम करीत आहे, एवढेच ही सेवा सांगत असे. विचारणेचा मजकूर ठेवण्यासाठी तिच्याकडे ५१२ बाइट जागा होती. वर्मने ५३६ बाइट पाठवले. वरचे २४ बाइट शेजारच्या मेमरीत सांडले. हे काम संपल्यावर पुढे कोठे जायचे, याची नोंद त्याच शेजारात होती. ती बदलली गेली आणि यंत्र परक्याच्या हुकमाने चालू लागले.

मजकूर वाचून घेणारे ते फंक्शन म्हणजे 'सी' भाषेतील 'गेट्स'. ओळ संपेपर्यंत येईल ते वाचायचे आणि दिलेल्या जागी ठेवायचे, हे त्याचे काम. जागा किती आहे, हे त्याला सांगण्याची सोयच नव्हती.

शेवटच्या डब्यावरची फुली

या प्रकरणाचे मूळ 'सी'च्या जडणघडणीतच आहे. डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी बेल लॅबोरेटरीजमध्ये ही भाषा घडवली. तिच्यात मजकुरासाठी, म्हणजे 'स्ट्रिंग'साठी, स्वतंत्र प्रकार नाही. स्ट्रिंग म्हणजे एकापुढे एक ठेवलेले बाइट आणि अखेरीस शून्य किमतीचा एक बाइट. आपल्याकडील रेल्वेगाडीच्या शेवटच्या डब्यामागे रंगवलेली फुली असते, तसेच हे शून्य. फुली दिसली की स्टेशनमास्तरला पूर्ण गाडी गेल्याची खात्री पटते. मात्र, गाडी किती डब्यांची आहे, हे इंजिनाकडे पाहून कळत नाही. त्यासाठी फुलीपर्यंत डबे मोजत जावे लागते.

'सी'ची पूर्वज असलेल्या 'बीसीपीएल' भाषेत मजकुराची लांबी आरंभीच नोंदवलेली असे. ती पद्धत सोडण्याची कारणे रिची यांनी पुढे नमूद केली आहेत. आठ-नऊ बिटांच्या खणात लांबी लिहायची तर मजकुराच्या लांबीवरच मर्यादा येत होती. शिवाय, लांबीचा हिशेब सांभाळत बसण्यापेक्षा शेवटी खूण ठेवणे अनुभवाने अधिक सोयीचे वाटले होते. त्या काळच्या चिमुकल्या यंत्रांचा विचार करता हा निर्णय अवाजवी म्हणता येणार नाही. त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली, एवढे खरे.

मजकुराची नक्कल करणाऱ्या 'स्ट्रकॉपी' या फंक्शनला केवळ दोन पत्ते मिळतात. कोठून उचलायचे आणि कोठे ठेवायचे. फुली दिसेपर्यंत ते डबे ओढत राहते. समोरचा फलाट आखूड असला तरी त्याला त्याचे सोयरसुतक नसते. एका मजकुरापुढे दुसरा जोडणाऱ्या 'स्ट्रकॅट'ची आणि मजकूर जुळवणाऱ्या 'एसप्रिंटएफ'ची गतही तीच. असा मजकूर सांडवून यंत्राचा ताबा कसा घेता येतो, याचे सविस्तर विवेचन १९९६ मध्ये 'फ्रॅक' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि मूठभरांची विद्या सर्वांना खुली झाली. जानेवारी २००३ मधील 'स्लॅमर' वर्म अवघा ३७६ बाइटचा होता, तरी काही मिनिटांत तो जगभर पसरला. त्याचाही मार्ग हाच होता.

'गेट्स'ला 'सी'च्या प्रमाणातून अखेर २०११ मध्ये वगळण्यात आले, म्हणजे मॉरिसच्या वर्मनंतर तब्बल २३ वर्षांनी. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर भाषा शिकलेल्या आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या हाताला मात्र ते चांगलेच सवयीचे झाले होते. 'स्कॅनएफ'ला शब्द वाचायला सांगितले की ते पहिल्या मोकळ्या जागेशी थांबते. त्यामुळे पूर्ण नाव वाचायचे तर 'गेट्स' वापरा, हा वर्गातला नेहमीचा सल्ला असे.

चुकीच्या कामाला जुंपलेले फंक्शन

'स्ट्रकॉपी' धोक्याचे, तर 'स्ट्रएनकॉपी' वापरा, हा पुढचा प्रचलित सल्ला. त्याला जास्तीत जास्त किती बाइट उचलायचे, हा आकडा देता येतो. परंतु हे फंक्शन सुरक्षिततेसाठी जन्मलेलेच नाही. सुरुवातीच्या युनिक्समध्ये फाइलच्या नावासाठी नेमके १४ बाइट राखलेले असत. नाव लहान असेल तर उरलेली घरे शून्यांनी भरायची आणि नेमके १४ अक्षरांचे असेल तर अखेरचे शून्य ठेवायचे नाही, असा तो संकेत होता. अशा ठरावीक मापाच्या खणांसाठी 'स्ट्रएनकॉपी' उत्तम आहे. सर्वसाधारण मजकुरासाठी त्याचे हेच दोन गुण दोष ठरतात.

समजा, रोमन लिपीतील 'अमरावती' हा आठ अक्षरांचा शब्द आठ बाइटच्या जागेत ठेवायचा आहे. 'स्ट्रएनकॉपी' आठही अक्षरे ठेवील. शून्याला जागा उरणार नाही आणि त्याबद्दल ते चकार शब्द काढणार नाही. पुढे हा मजकूर वाचणारे फंक्शन फुली शोधत शेजारच्या मेमरीत शिरेल. तेथे कोणाचा पासवर्डही असू शकतो. उलट, 'पुणे' ही चार रोमन अक्षरे ४०९६ बाइटच्या जागेत ठेवायला सांगितली तर ते इमानेइतबारे ४०९२ शून्ये लिहीत बसेल.

पंचवीस वर्षांचा वाद

या गोंधळाला कंटाळून ओपनबीएसडी प्रकल्पातील टॉड मिलर आणि थिओ डी राट यांनी १९९८ मध्ये 'स्ट्रएलकॉपी' आणि 'स्ट्रएलकॅट' ही फंक्शन्स आणली. १९९९ च्या युजनिक्स परिषदेत त्यांनी त्यावर निबंधही सादर केला. करार साधा होता. जागेचे पूर्ण माप द्या. ते शून्य नसेल तर अखेरचे शून्य नक्की ठेवले जाईल. मजकूर मावला नाही तर तो कापला जाईल आणि मूळ मजकुराची लांबी परत कळवली जाईल. आठ बाइटच्या जागेत 'अमरावती' दिले तर सात अक्षरे आणि शून्य ठेवून फंक्शन ८ हा आकडा परत देते. आलेला आकडा मापाइतका किंवा त्याहून मोठा असेल तर काटछाट झाली, असे समजायचे.

बीएसडी कुटुंब, सोलारिस, ॲपलची प्रणाली यांनी ही जोडी आपलीशी केली. लिनक्सच्या बहुतांश वितरणांचा कणा असलेल्या 'जीलिबसी' या संग्रहाचे तेव्हाचे प्रमुख उलरिक ड्रेपर यांनी मात्र २००० मध्ये ती कठोर शब्दांत नाकारली. काटछाट हीसुद्धा चूकच आहे, ही फंक्शन्स ती झाकतात आणि लांबी आधीच जाणणाऱ्या प्रोग्रॅमरला त्यांची गरज नाही, असा विरोधकांचा युक्तिवाद होता. त्यात तथ्य नव्हते असे नाही. फाइलचा पत्ता मध्येच तुटला तर तो दुसऱ्याच फाइलचा पत्ता ठरू शकतो. परत आलेला आकडा तपासण्याचे कष्ट किती जण घेतात, हा प्रश्नही उरतोच. पण नकाराचा प्रत्यक्ष परिणाम असा झाला, की असंख्य प्रकल्पांनी या दोन फंक्शन्सच्या आपापल्या प्रती बाळगल्या. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये 'जीलिबसी'च्या २.३८ आवृत्तीत ती दाखल झाली आणि २०२४ च्या 'पॉझिक्स' प्रमाणानेही त्यांना मान्यता दिली.

काटछाटीचा प्रश्न मराठी वाचकाला अधिक जवळचा आहे. ही सर्व फंक्शन्स अक्षरे नव्हे, बाइट मोजतात. सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, वेलांटी आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हे होत. त्यामुळे 'महाराष्ट्र' हा डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द दहा चिन्हांचा, म्हणजे ३० बाइटचा होतो, शून्यासह ३१. वीस बाइटच्या जागेत तो 'स्ट्रएलकॉपी'ने ठेवला तर १९ बाइट उरतात. सहा चिन्हे पूर्ण, म्हणजे 'महाराष', आणि त्यापुढे हलन्ताचा एक तुटका बाइट. पडद्यावर तेथे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. फंक्शनने आपला करार तंतोतंत पाळलेला असतो. तुटका बाइट ओळखून मागे सरकता येते, कारण चिन्हाच्या मधल्या बाइटांची सुरुवात '१०' या बिटांनी होते. परंतु तसे केले तरी 'महाराष' हा शब्द होत नाही. जोडाक्षर कोठे संपते, याचे नियम युनिकोडमध्ये वेगळे दिलेले आहेत आणि येथे चर्चिलेल्या एकाही फंक्शनला ते ठाऊक नाहीत.

मायक्रोसॉफ्टने निराळी वाट धरली. व्हिज्युअल स्टुडिओ २००५ पासून तिने नावापुढे 'एस' लावलेली फंक्शन्स पुढे केली. मजकूर मावत नसेल तर कापायचा नाही, चूक जाहीर करायची; वेगळी व्यवस्था केली नसेल तर प्रोग्रॅमच थांबवायचा. २०११ च्या प्रमाणात ही कल्पना ऐच्छिक परिशिष्ट म्हणून आली, पण इतरांनी ती फारशी उचलली नाही. २०१५ मध्ये तर प्रमाण समितीपुढे सादर झालेल्या एका टिपणात हे परिशिष्ट काढून टाकण्याचीच शिफारस होती.

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, तिसराच तोडगा निघाला. लांबी कळवायची तर 'स्ट्रएलकॉपी'ला मूळ मजकूर शेवटापर्यंत वाचावा लागतो. त्या मजकुरालाच शून्य नसेल तर वाचन भरकटते. म्हणून २०१५ मध्ये तेथे 'स्ट्रएसकॉपी' आले. ते गरजेपुरतेच वाचते आणि मजकूर कापावा लागला तर उणे आकडा परत देते. २०२४ च्या प्रारंभी ६.८ आवृत्तीच्या वेळी कर्नलमधून 'स्ट्रएलकॉपी'ची पूर्ण हकालपट्टी झाली. 'जीलिबसी'ने दार उघडून तेव्हा अर्धे वर्षही झाले नव्हते, ही त्यातली गंमत.

माप कोणाचे?

फंक्शन कोणतेही निवडा, माप चुकीचे दिले तर संरक्षण फोल ठरते. सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे ठेवायच्या जागेऐवजी उचलायच्या मजकुराची लांबी देणे. पाहुण्यांच्या संख्येवरून घराच्या खोल्या मोजण्यातला हा प्रकार. दुसरी चूक अधिक फसवी आहे. 'साइझऑफ'ने एखाद्या रांगेचे माप अचूक मिळते, पण तीच रांग दुसऱ्या फंक्शनकडे सोपवली की तेथे केवळ तिचा पत्ता पोहोचतो. मग 'साइझऑफ' पत्त्याचे माप सांगते. आजच्या ६४ बिटांच्या यंत्रांवर ते आठ बाइट भरते. जीसीसी कंपायलरच्या अलीकडच्या आवृत्त्या यांपैकी बऱ्याच चुकांवर इशारा देतात. तो वाचला जातोच असे नाही.

म्हणूनच मोठ्या प्रकल्पांचा कल मजकुराबरोबर त्याची लांबी आणि जागेचे माप एकत्र बाळगण्याकडे आहे. 'गिट'मध्ये यासाठी 'स्ट्रबफ' नावाची रचना आहे. जागा अपुरी पडली की ती आपोआप वाढते. शिवाय 'स्ट्रकॉपी', 'स्ट्रकॅट', 'स्ट्रएनकॉपी' आणि 'एसप्रिंटएफ' यांवर तेथे २०१८ पासून बंदी आहे. कोणी ती वापरली तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. बीसीपीएलमधील जुनी लांबीची नोंद अशी वेगळ्या रूपाने परतली आहे.

'स्ट्रएलकॉपी'चे एक जनक टॉड मिलर हे 'सुडो' या प्रोग्रॅमचेही अनेक वर्षांचे देखभालकर्ते. युनिक्स-लिनक्स यंत्रांवर साध्या वापरकर्त्याला प्रमुखाचे अधिकार मिळतात ते या 'सुडो'मार्फत. २६ जानेवारी २०२१ रोजी क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी त्यातील एक त्रुटी जाहीर केली. पुण्यात मोठे केंद्र असलेली हीच ती कंपनी. ही त्रुटी जुलै २०११ पासून तेथे होती. तिच्यामुळे यंत्रावरील कोणताही साधा वापरकर्ता प्रमुख होऊ शकत होता. दोष कोणत्याही तयार फंक्शनचा नव्हता. मजकुरातील उलट्या तिरप्या रेघा गाळून नक्कल करणारे काही ओळींचे चक्र हाताने लिहिलेले होते. रेघ दिसली की ती सोडून पुढचे अक्षर उचलायचे, असा त्याचा क्रम. मजकुराचे शेवटचे अक्षरच रेघ असेल तर पुढचे 'अक्षर' म्हणजे अखेरचे शून्य. चक्राने तेही अक्षर समजून उचलले आणि फुली ओलांडून ते पुढे धावत सुटले. जागेचे माप मात्र फुलीपर्यंतच घेतलेले होते. दुरुस्त केलेली १.९.५पी२ ही आवृत्ती त्याच दिवशी उपलब्ध करून देण्यात आली.