तीन वर्षांची अट

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ च्या अखेरीस पदवीच्या मुदतीविषयी एक निर्णय जाहीर केला. ज्याला झेपेल त्याने तीन वर्षांची पदवी सहाऐवजी पाच सत्रांत पुरी करावी, चार वर्षांची आठऐवजी सहा किंवा सात सत्रांत. ज्याला जमत नसेल त्याने जास्त सत्रे घ्यावीत. अभ्यासक्रम तोच, श्रेयांकही तितकेच. शहरातल्या वाचकाला यात सहा महिने आधी नोकरीला लागण्याची सोय दिसेल. ब्रह्मपुरीसारख्या तालुक्याच्या गावातून पाहिले, तर हा एका फार जुन्या वादाचा पुढचा टप्पा आहे. पदवी घालवलेल्या काळाची द्यायची की मिळवलेल्या ज्ञानाची, हा तो वाद. माझे म्हणणे असे, की आपल्या विद्यापीठांनी दीडशेहून जास्त वर्षांत काळाची अट सैल केली ती एकाच बाजूने. उशीर करायला मुभा दिली, लवकर संपवायला दिली नाही. काम करता करता शिकणाऱ्या जंगलपट्टीतल्या माणसाला मात्र दोन्ही बाजू मोकळ्या हव्यात.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ ला स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. स्वतः शिकवायचे नाही, फक्त परीक्षा घ्यायची, शिकवण्याचे काम संलग्न कॉलेजांनी करायचे, अशी ती रचना होती. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, लंडनने आपला नमुना बदलला. कॉलेजात गेल्याचा दाखला न मागता, तयारी करून येईल त्याला परीक्षेला बसू देण्याचे त्याने ठरवले. पुढे त्या दारातून किती तरी शाळामास्तर, कारकून आणि वसाहतींतले विद्यार्थी पदवीधर झाले. आपल्याकडे जुनाच साचा राहिला. कॉलेजात ‘टर्म भरल्या’ असा दाखला असल्याशिवाय परीक्षेला बसता येत नसे. एक वर्ष आधी घेतलेला आराखडा आपण शतकभर जपला, आणि हजेरीचा दाखला हाच शिक्षणाचा पुरावा होऊन बसला. मुदतीचा आकडा मात्र कधीच अढळ नव्हता. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८५९ मध्ये मॅट्रिक झाले आणि १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या बी. ए. तुकडीतून बाहेर पडले, म्हणजे मॅट्रिकनंतर तीन वर्षांत. पुढे मॅट्रिकनंतर चार वर्षे झाली. १९७० च्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध आला, आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने पुन्हा चार वर्षांचा पर्याय आणला. दर दोन पिढ्यांनी बदलणाऱ्या या आकड्याला ज्ञानाचे माप मानण्यात काही अर्थ नाही.

ब्रह्मपुरी ही जुन्या चांदा जिल्ह्यातली उत्तरेकडची तहसील. वैनगंगेच्या पलीकडचा मुलूखही तेव्हा याच जिल्ह्यात होता. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये झाले. त्याआधी हिस्लॉप आणि मॉरिस ही नागपूरची कॉलेजे अलाहाबादशी जोडलेली होती. म्हणजे या भागातल्या मुलाने पदवी घ्यायची तर आधी गाव सोडायचे. गोंदियाहून वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड करत चांद्याला जाणारी अरुंद रुळांची गाडी आणि नागभीडहून नागपूरला जाणारी दुसरी, एवढाच लोहमार्ग. नागभीड ते नागपूर हा अरुंद मार्ग तर २०१९ पर्यंत तसाच होता. अंतर शंभर किलोमीटरहून जास्त, पण खरा खर्च अंतराचा नव्हता. तीन-चार वर्षे घरातला कमावता हात बाहेर ठेवणे, खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे भरणे ज्याला परवडत नसे, त्याच्यासाठी परीक्षा कितीही सोपी असती तरी उपयोग नव्हता. अट काळाची होती, पण ती माणसे गाळत होती ती पैशावर.

ही अट पहिल्यांदा मोडली ती ‘बाहेरून’ परीक्षा देणाऱ्यांनी. देशातल्या अनेक विद्यापीठांनी विसाव्या शतकात शिक्षकांना आणि स्त्रियांना कॉलेजात न जाता परीक्षेला बसण्याची सवलत दिली. दिवसा प्राथमिक शाळा चालवून रात्री कंदिलाजवळ इंटर आणि बी. ए. करणारे गुरुजी विदर्भातल्या गावोगावी होऊन गेले. त्यांना प्रश्नपत्रिका कॉलेजातल्या मुलांचीच मिळे, तपासणीही तीच असे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम काढला, मुंबईने १९७१ मध्ये. आंध्र प्रदेशात १९८२ मध्ये देशातले पहिले मुक्त विद्यापीठ झाले, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. शाळा सुटलेल्यांना पूर्वतयारीचा अभ्यासक्रम देऊन पदवीच्या वाटेवर आणणे आणि तालुक्यातल्या चालू कॉलेजांतच अभ्यासकेंद्रे काढून सुट्टीच्या दिवशी संपर्क सत्रे घेणे, ही त्या विद्यापीठाने ग्रामीण महाराष्ट्राची केलेली फार मोठी सेवा आहे. पण नियम नीट वाचले की एक गोष्ट खटकते. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या बी. ए. ला किमान तीन वर्षे आणि कमाल सहा. स्थळाची अट गेली, वयाची गेली, कमाल मुदत दुप्पट झाली. किमान मुदत मात्र जागची हलली नाही. पंधरा वर्षे मराठी शिकवणाऱ्या शिक्षिकेलाही मराठीच्या पहिल्या वर्षाचे पुस्तक वर्षभर घेऊन बसावे लागते.

आपल्या भागात या किमान मुदतीचा काच आणखी एका कारणाने वाढतो, आणि त्याचा विचार धोरणाच्या कागदांत जवळपास होत नाही. विद्यापीठाच्या परीक्षा दोन हंगामांत होतात, हिवाळी आणि उन्हाळी. हिवाळी परीक्षा येते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, नेमकी धानाची कापणी आणि बांधणी सुरू असताना. उन्हाळी परीक्षा मार्चपासून मे महिन्यापर्यंत चालते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायची असतात आणि त्यापाठोपाठ तेंदूपत्त्याचे थोडके दिवस येतात. जंगलालगतच्या कुटुंबाला रोख पैसा हाती येतो तो याच दिवसांत. रोवणीचा जुलै-ऑगस्ट वेगळाच. एक हिवाळी पेपर सुटला की बाकी राहतो, पुढे आणखी एक अडतो, आणि तीन वर्षांच्या पदवीला पाच वर्षे लागतात. याच कुटुंबातल्या मुलीकडे जानेवारी-फेब्रुवारीत मात्र अभ्यासाला भरपूर वेळ असतो, आणि त्या वेळी परीक्षा नसते. तिचा वेग कमी नाही, तिचे वेळापत्रक वेगळे आहे. तिला काही महिने थांबण्याची आणि काही महिने दुप्पट धावण्याची मोकळीक मिळाली, तर ती तीन वर्षांच्या आतही पोहोचेल. २०२१ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीत मिळवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत टिकतात. थांबण्याची सोय त्यातून झाली. धावण्याची अजून नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: घाईची पदवी पोकळ असते. हिशेब करून पाहू. तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक लागतात आणि दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाच्या नियमांनुसार एका श्रेयांकाला ३० तासांचा अभ्यास धरला जातो. एकूण ३,६०० तास. तीन वर्षांत ते वाटले तर रोजचे साधारण सव्वातीन तास होतात, अडीच वर्षांत वाटले तर चारला थोडे कमी. दिवसाला चाळीसेक मिनिटांचा हा फरक आहे. एवढ्यावर पदवी पोकळ किंवा भरीव ठरत नाही. बाबासाहेब आंबेडकरांचा लंडनमधला अभ्यास बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ मध्ये तुटला. ते १९२० मध्ये परत गेले आणि १९२१ ला एम. एस्सी., १९२२ ला बॅरिस्टरी, १९२३ ला डी. एस्सी. असे एकापाठोपाठ मिळवले. ती प्रतिभा असामान्य होती आणि तिचा नियम सगळ्यांना लावता येणार नाही, हे खरे. पण अडथळ्यामुळे थांबलेला विद्यार्थी संधी मिळताच वेगाने पुढे जातो, आणि त्या वेगाने ज्ञान उथळ होत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते. विद्यापीठाने त्यांना परत येण्याची परवानगी दिली होती, हेही विसरू नये.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सवलत आली की दुकाने येतात. याचा अनुभव देशाने घेतलेला आहे. काही अभिमत विद्यापीठांनी मान्यतेशिवाय दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या आणि सर्वोच्च न्यायालयाला ३ नोव्हेंबर २०१७ रोजी त्यात हात घालावा लागला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित केल्या, त्यानंतरच्या रद्द केल्या. पण स्थगित पदव्यांवर न्यायालयाने काढलेला मार्ग पाहा. त्या विद्यार्थ्यांनी पुन्हा चार वर्षे वर्गात बसावे असे त्याने म्हटले नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने परीक्षा घ्यावी, आणि जो उत्तीर्ण होईल त्याची पदवी टिकेल, असे म्हटले. खोटी पदवी ओळखण्याचा उपाय कडक परीक्षा हाच आहे. त्या दुकानांचा दोष पदवी लवकर देण्यात नव्हता, मान्यतेशिवाय देण्यात होता. किमान मुदतीने कोणालाही वाचवले नाही.

तिसरा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. कॉलेज म्हणजे परीक्षा नव्हे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, नदीपलीकडच्या गावातून आलेला मित्र, घराबाहेर पडायला मुलीला मिळणारे रास्त कारण, हे सगळे मोबाइलच्या पडद्यावर मिळत नाही. नेवजाबाई हितकारिणी महाविद्यालयासारख्या संस्थांमुळे ब्रह्मपुरी शिक्षणाचे गाव म्हणून ओळखली जाते, ती या सहवासामुळेही. अठरा वर्षांच्या मुलाला मी घाई करू नको असेच सांगेन. पण हा आक्षेप ज्यांच्याबाबत खरा आहे त्यांनाच आयोगाची सवलत मिळते आहे. मंजूर प्रवेशसंख्येच्या १० टक्क्यांपर्यंतच जागा, आणि पहिल्या किंवा दुसऱ्या सत्रातली कामगिरी पाहून समितीने निवड करायची. ही सगळी चौकट वर्गात नियमित बसणाऱ्या हुशार विद्यार्थ्याला समोर ठेवून आखलेली आहे. अंगणवाडी सेविका, वनरक्षक, ग्रामपंचायतीतला संगणकचालक यांना सहवासाची नव्हे, वेळेची टंचाई आहे, आणि त्यांच्या हातात अनुभवाचे भांडवल आहे. अमेरिकेत १९९७ मध्ये पश्चिमेकडच्या राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी काढली ती अशाच नोकरदार प्रौढांसाठी. तिथे शुल्क सहा महिन्यांचे एकरकमी असते. त्या काळात जितके विषय येतात हे सिद्ध कराल तितके तुमचे. वेगाचा थेट फायदा गरजूच्या खिशाला मिळतो. ती पद्धत जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणत नाही, पण तिचे लक्ष कोणाकडे आहे हे शिकण्यासारखे आहे.

२०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीला सुरू झाले तेव्हा नागपूरचे अंतर कमी झाले. आता काळाचे अंतर कमी करण्याची पाळी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था दहावी-बारावीसाठी मागणीनुसार परीक्षा घेते. पदवीला ते अशक्य आहे असे म्हणायला आधार नाही. गोंडवाना आणि नाशिकचे मुक्त विद्यापीठ यांनी एकत्र बसून जुन्या चांदा जिल्ह्यातून झालेल्या या दोन जिल्ह्यांसाठी तशी परीक्षा आखावी, दहा टक्क्यांची मर्यादा नोकरदार आणि शेतकरी विद्यार्थ्यांना लावू नये अशी मागणी आयोगाकडे करावी, आणि प्रश्नपत्रिका नेहमीच्या विद्यार्थ्यांइतकीच कठीण ठेवावी. जानेवारीपर्यंत धान घरात आलेले असते. पहिली परीक्षा त्याच महिन्यात ब्रह्मपुरीच्या केंद्रावर घ्यावी.