तळटीप : काडतुसाच्या पुंगळीच्या मानेवरील उभी चीर

ही चीर बाराच्या माऱ्यानेच पडते असे नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत साठवलेली, एकदाही न झाडलेली काडतुसे अशीच तडकत. सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्ताचे पितळ ओढून पुंगळी घडवताना धातूत ताण कोंडून राहतो. मुतातला अमोनिया आणि दमट हवा मिळाली की तो ताण चिरेवाटे सुटतो. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये हे कारण उलगडले. उपाय म्हणून रिकाम्या पुंगळीची मान हलकी तापवतात. बूड मात्र कडकच ठेवावे लागते. पुंगळ्या उजळताना अमोनियायुक्त पॉलिश टाळावे. तडकलेली पुंगळी पुन्हा भरू नये.