प्लेटोची चावडी

विद्यापीठांच्या शिकवणीत आज फेसबुक-व्हॉट्सॲप शिरले म्हणून कोणी हरखतो, कोणी कपाळाला हात लावतो. पण ही कथा जुनी आहे. १९६० साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्लेटो’ हे शिकविणारे संगणकयंत्र उभारले. यंत्राने पुसावे, विद्यार्थ्याने एकट्याने उत्तरावे, एवढाच हिशेब. १९७३ साली डेव्हिड वूली या १७ वर्षांच्या पोराने यंत्रातले दोष नोंदविण्यासाठी त्यात ‘नोट्स’ ही जणू एक वहीच घातली. झाले! नोंदीखाली उत्तरे, उत्तरांखाली वाद. वहीची चावडी झाली. फळ्याकडे वळताच पाठीमागे कुजबुज उठते, हे मास्तरांना ठाऊक असते. तीत निम्मे शिकणे असते, हे मात्र थोडेच कबूल करतील. १९७६ साली ‘ग्रुप नोट्स’ आल्या आणि विषयाविषयाच्या वह्या उघडल्या.