प्रवासातून घडलेला वर्ग : पंडिता रमाबाई आणि मुलींचे प्राथमिक शिक्षण

एकोणिसाव्या शतकातील मराठी प्रदेशात प्राथमिक शिक्षणाचे जे स्वरूप रूढ होते, त्यात शिक्षकाने प्रत्यक्ष पाहिलेल्या जगाला फारसे स्थान नव्हते. पंतोजींच्या शाळेत, म्हणजे एखाद्या घराच्या पडवीत, देवळात किंवा धर्मशाळेत भरणाऱ्या खासगी शाळेत, मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, पाढे आणि पावकी-निमकी तोंडपाठ करीत आणि मोडी वाचन व हिशेब यांपुरती तयारी झाली की शाळा सोडीत. इंग्रजी अमलात सरकारी व मिशनरी शाळा निघाल्या, छापील क्रमिक पुस्तके आली आणि भूगोल हा विषय अभ्यासक्रमात दाखल झाला, तरी घोकंपट्टीची जुनी सवय नव्या पुस्तकांनाही चिकटून राहिली. या पार्श्वभूमीवर पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे शैक्षणिक कार्य वेगळे उठून दिसते. कारण त्यांनी दूरदेशी जे पाहिले ते केवळ ऐकण्यासारखे वृत्तांत म्हणून परत आणले नाही, तर शिकवण्याची पद्धत, वर्गातील साहित्य आणि शाळेची रचना या तीन रूपांत ते मुलींपर्यंत पोहोचवले.

रमाबाईंच्या बाबतीत प्रवास आणि शिक्षण यांचे नाते बालपणापासूनचे होते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले आणि पश्चिम घाटातील गंगामूळ या रानातल्या ठिकाणी आश्रम उभारून विद्यार्थ्यांना पढवले. रमाबाईंचा जन्म तेथेच झाला; मात्र लवकरच हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि पुढील अनेक वर्षे पुराणिकाच्या वृत्तीवर, म्हणजे देवळांत पुराणे वाचून श्रोत्यांच्या दक्षिणेवर, त्याने उदरनिर्वाह केला. या भटकंतीत लक्ष्मीबाई मुलीला तोंडी पाठ देत, आणि वाटेतील प्रदेशांच्या भाषा तिच्या कानांवर पडत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या मुलीचे सारे अध्ययन अशा रीतीने रस्त्यावर झाले. दक्षिणेतील दुष्काळात आईवडील व थोरली बहीण गेल्यानंतर रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास यांनी पायी प्रवास चालूच ठेवला आणि १८७८ मध्ये ते कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. देशभर हिंडताना विधवांची व अल्पवयीन सुनांची जी दुर्दशा त्यांनी जवळून पाहिली, तिनेच त्यांच्या पुढील कार्याची दिशा ठरवली. १८८२ मध्ये भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करण्याची गरज आग्रहाने मांडली, ती या अनुभवाच्या बळावरच.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. चेल्टनहॅम येथील लेडीज कॉलेजात त्या स्वतः विद्यार्थिनी होत्या आणि त्याच वेळी संस्कृतही शिकवत होत्या. शिकणे आणि शिकवणे या दोन्ही बाजूंनी परदेशातील शाळा पाहण्याची ही संधी त्यांच्या पुढील प्रवासाची पूर्वतयारी ठरली. १८८६ च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियास पोहोचल्या, त्याचे तात्कालिक निमित्त त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभाचे होते. परंतु अल्पकाळासाठी योजलेला हा मुक्काम जवळजवळ तीन वर्षांचा झाला, आणि त्यामागे अमेरिकेतील प्राथमिक शिक्षणाविषयीचे त्यांचे कुतूहल हे एक मोठे कारण होते.

त्या काळी अमेरिकेत किंडरगार्टनची चळवळ जोमात होती. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी जी संस्था काढली, तिच्यातून ही पद्धत विकसित झाली; शाळेच्या वयाआधीच्या मुलाने पाठांतराऐवजी खेळ, गाणी, बागकाम आणि हातांचे काम यांतून शिकावे, हे तिचे सूत्र होते. तिच्यातील मुख्य साहित्याला ‘भेटी’ म्हणत : लोकरीचे रंगीत चेंडू, त्यानंतर लाकडी गोल, वृत्तचिती व घन, आणि पुढे आठ लहान घनांत विभागलेला एक मोठा घन, अशा क्रमाने मूल आकार, संख्या आणि पूर्ण-अंश यांचा परिचय स्वतः हाताळून करून घेई. कागदाच्या घड्या घालणे, पट्ट्या विणणे, माती मळून वस्तू करणे, शिवणे व चित्रे काढणे हे उद्योग त्याला जोडलेले असत. १८६० मध्ये एलिझाबेथ पीबडी यांनी बॉस्टनमध्ये इंग्रजी माध्यमाचे किंडरगार्टन सुरू केले, १८७३ मध्ये सेंट लुइस शहराने ते सरकारी शाळांत आणले, आणि १८७६ च्या फिलाडेल्फियातील शतसांवत्सरिक प्रदर्शनात एक प्रात्यक्षिक वर्गच भरवण्यात आला, जो पाहण्यासाठी लोकांची गर्दी होई. त्यानंतर दहा वर्षांनी रमाबाई याच शहरात आल्या आणि त्यांनी या पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. रमाबाई तेव्हा नावाजलेल्या विदुषी होत्या, ठिकठिकाणी व्याख्याने देत होत्या आणि १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या इंग्रजी पुस्तकामुळे त्यांची कीर्ती वाढत होती. तरीही लाकडी घन आणि कागदाच्या घड्या यांचे शास्त्र शिकण्यासाठी विद्यार्थिनी म्हणून बसण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. प्रवासी म्हणून शाळा बाहेरून पाहणे आणि शिक्षक म्हणून तिचे तंत्र आत्मसात करणे यांत जे अंतर असते, ते त्यांनी जाणीवपूर्वक ओलांडले. याच काळात मुलींसाठी सचित्र मराठी क्रमिक पुस्तके तयार करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि नियोजित शाळेला दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याची जबाबदारी तिने स्वीकारली.

सॅन फ्रान्सिस्कोहून जपान व हाँगकाँगमार्गे रमाबाई १८८९ च्या प्रारंभी भारतात परतल्या, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ सुरू झाले. उद्घाटनाच्या सभेचे अध्यक्षपद लेखिका काशीबाई कानिटकर यांनी भूषवले, ही त्या काळाच्या दृष्टीने अपूर्व घटना होती. आरंभीच्या विद्यार्थिनींत बालविधवा गोदूबाई होत्या, ज्या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे या नावाने ओळखल्या गेल्या. १८९० मध्ये सदन पुण्यास हलले. येथे राहणाऱ्या मुलींना लेखन-वाचनाबरोबर किंडरगार्टन पद्धतीचाही परिचय होई, आणि ती शिकलेली विधवा स्वतः शिक्षिका होऊन पोट भरू शकेल, हा त्यामागील दूरचा विचार होता. ज्या स्त्रीला समाजाने अशुभ ठरवून अंधाऱ्या खोलीत बसवले, तिच्याच हाती लहान मुलांच्या पहिल्या शिक्षणाचे काम सोपवणे, हे या योजनेचे सर्वांत धाडसी अंग होते. परदेशातून आणलेली पद्धत राबवताना रमाबाईंनी सदनात ब्राह्मण मुलींच्या खाण्यापिण्याच्या चालीरीती पाळण्याची सोय ठेवली, म्हणजे पद्धत बाहेरची असली तरी मुलींना आपले घर तुटल्यासारखे वाटू नये, याची दक्षता घेतली.

त्याच १८८९ मध्ये त्यांचे मराठीतील ‘यूनाइटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. अटलांटिकवरील सफरीपासून आरंभ करून राज्यव्यवस्था, घरगुती जीवन, शिक्षण, धर्मसंस्था आणि स्त्रियांची स्थिती असा त्याचा विस्तार आहे. त्यातील अमेरिका स्तुतीपुरती नाही. तेथील मूळ रहिवाशांवर आणि कृष्णवर्णीयांवर झालेल्या अन्यायाबद्दल रमाबाईंनी स्पष्ट लिहिले आहे. वाचकाने परक्या देशाकडे भारावून न जाता तोलून पाहावे आणि मग आपल्या समाजाकडे नव्या दृष्टीने वळावे, ही या ग्रंथाची शिकवण शारदा सदनाच्या शिकवणीहून वेगळी नव्हती.

शारदा सदनाचा हा प्रयोग निर्विघ्न चालला नाही. १८९३ मध्ये सदनातील मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जात असल्याच्या आरोपावरून पुण्यात मोठे वादळ उठले, सदनाच्या सल्लागार मंडळातील प्रतिष्ठित सुधारक बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. बाहेरच्या देणग्यांवर आणि बाहेरच्या धर्मप्रेरणेवर आधारलेल्या शिक्षणाविषयीचा समाजाचा संशय त्यातून उघड झाला, आणि रमाबाईंच्या पद्धतीचा प्रसार त्यामुळे निश्चितच आखडला. तथापि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या सुमारे ३०० मुलींसाठी केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले तेव्हा त्यांनी तीच दृष्टी अधिक मोठ्या प्रमाणावर चालवली. लहानांसाठी बालवर्ग आणि मोठ्यांसाठी शेती, विणकाम व छपाई असे हस्तकौशल्याचे शिक्षण तेथे दिले जाई.

बाहेरून आणलेली पद्धत इथल्या गरीब, ग्रामीण मुलांना परवडेल अशी कशी करावी, ही या प्रश्नाची दुसरी बाजू पुढील पिढीने हाताळली. ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर माँटेसरी पद्धत आत्मसात केली, १९४५ मध्ये बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या आदिवासी भागात काम उभारले. इटलीत जन्मलेल्या त्या पद्धतीचे महागडे साहित्य खेड्याला परवडणारे नव्हते. म्हणून बिया, शंखशिंपले, काड्या आणि पाने यांतून त्यांनी शिक्षणसाधने घडवली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा, म्हणजे चराऊ रानातच भरणारी शाळा, चालवली. फ्रोबेलच्या भेटी मराठी मुलींच्या हाती देण्याचे जे काम रमाबाईंनी आरंभले होते, त्याला ताराबाईंच्या कार्याने आवश्यक अशी पुरवणी जोडली.

या इतिहासातून शिक्षकाच्या प्रवासाचे खरे शैक्षणिक मूल्य स्पष्ट होते. दूरची स्थळे पाहिलेला शिक्षक वर्गात रंजक माहिती सांगू शकतो आणि त्यालाही महत्त्व आहेच. परंतु मुलांचे शिक्षण मुळातून बदलते ते शिक्षक प्रवासात स्वतः पुन्हा विद्यार्थी होतो, पाहिलेले पारखून घेतो आणि परतल्यावर समोरच्या मुलांची भाषा, गरिबी व परिस्थिती ध्यानात घेऊन त्याची नवी मांडणी करतो तेव्हा. रमाबाईंनी या तिन्ही गोष्टी केल्या, आणि त्याही अशा मुलींसाठी की ज्यांना घराचा उंबरठा ओलांडण्याचीही मुभा नव्हती. मराठी प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासात त्यांच्या प्रवासाची नोंद चरित्रातील एक प्रकरण म्हणून न राहता अध्यापनशास्त्राचा एक टप्पा म्हणून व्हायला हवी.